शिवायचं नाही

१० जानेवारी १९५८, बसवनगुडी, बंगळूर

आले एकदाची. गाडी पहाटे सिटी स्टेशनात लागली तेव्हा थंडीने माझे दात वाजत होते आणि हे मला विचारत होते, बंगळूर कसं वाटलं. मी म्हटलं, अजून नाकाच्या शेंड्यापलीकडचं काही दिसलेलं नाही. हे हसले. माझ्या बोलण्यावर हसणारा नवरा मिळाला, निम्मं लग्न तिथेच पदरात पडलं म्हणायचं.

स्टेशनापासून जटक्याने आलो, म्हणजे इथल्या टांग्याने. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठी झाडं, घरोघरी ताजी रांगोळी, आणि बायका एवढ्या सकाळी न्हाऊन, फुलं माळून दारात उभ्या. धारवाडच्या वसतिगृहात आम्ही मुली न्हाणीपुढे रांग लावून भांडायचो. इथे भांडायला कोणी दिसत नाही, सवय मोडावी लागणार.

घर बैठं आणि कौलारू आहे. पुढे ओटा, मागे फरशीचं अंगण, अंगणात पारिजातक. न्हाणीतला तांब्याचा हंडा एवढा थोरला की त्यात वासरू बसेल. सासरे हणमंतराव हेडमास्तर होते, आता निवृत्त आहेत. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. सासूबाई गोदूबाई ठेंगण्या, गोऱ्या, सारख्या पदराला हात पुसणाऱ्या. आणि यांची धाकटी बहीण नीला, बारा वर्षांची, जी मी आल्यापासून माझ्या बांगड्या मोजते आहे. ही मंडळी शहाजीराजांच्या वेळी इकडे आली म्हणतात. इतक्या वर्षांत मराठीत कानडी असं मुरलंय की सासूबाईंचं बोलणं मला आमच्या सौंदत्तीच्या बाजारातलं वाटलं. स्वल्प टेक, म्हणाल्या, कॉफी घे, मग घर दाखवते.

इथे मी राजलक्ष्मी. लग्नात ताटातल्या तांदळांवर यांनी अंगठीने हे नाव लिहिलं आणि माहेरची वसुमती तिथेच संपली. मला नवं नाव फार आवडलं, कोऱ्या लुगड्यासारखं. खरं म्हणजे नाव लिहिल्याचं मला लोकांनी सांगितलं. लग्नाचा दिवस मला फारसा आठवतच नाही; बोहल्यावर चढले आणि एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पीत होते. होमाच्या धुराने सगळ्याच मुलींचं असं होतं म्हणे. कन्यादान भीमाचार्यकाकांनी केलं. आईबाप गेल्यावर सहाव्या वर्षापासून मी त्यांच्याकडेच वाढले. तीन वेळा संध्या करणारा, कडक सोवळ्याचा माणूस. सौंदत्तीत त्यांच्या शब्दाला मान आहे. हे लिहिताना बोटं आखडली. थंडीच फार आहे.

अंगणाच्या कडेला एक लहानशी खोली आहे, तिला नुसतंच बाहेरची खोली म्हणतात. सासूबाईंनी ती जरा ओशाळून दाखवली. तुमच्या धारवाडकडे काय पद्धत असेल ती असो, म्हणाल्या, पण आमच्यात महिन्याचे तीन दिवस बाईने तिथे बसायचं, कोणी शिवायचं नाही. मी मान डोलावली आणि मनात नाक मुरडलं. वसतिगृहात असलं काही आम्ही पाळत नव्हतो.

ही रोजनिशी यांनी दिली, टपाल खात्याची आहे. हे तिथे इन्स्पेक्टर, महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. म्हणाले, मी नसलो की माझ्याशी जे बोलायचं ते इथे बोलत जा. बघू या किती दिवस जमतं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. पहिली म्हणून मला काळं लुगडं आणि हलव्याचे दागिने. दागिने घालून बसवल्यावर नीलाने माझ्या बाजूबंदाचे चार दाणे खाल्ले आणि मग मी तिचा गुन्हा झाकावा म्हणून मलाही दोन दिले. इकडे तिळगुळाबरोबर एळ्ळु-बेल्ल देतात. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, सगळं बारीक कापून एकत्र केलेलं, वर उसाचा तुकडा. संध्याकाळी नीलाबरोबर घरोघरी ताट घेऊन फिरले. कोणाकडे काय बोलायचं ते ती मला आधी कानात सांगायची. माझं कानडी तिच्या मते रांगडं आहे.

नीला गुणी आहे. सागरगोटे खेळण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नाही. मी मात्र अगदीच ढ निघाले. मला ते कधी येत होते असं आठवत नाही.

मी सुखात आहे. असं लिहिलं की दृष्ट लागते म्हणतात, पण लिहिते.

२४ जानेवारी

तीन दिवस बाहेरच्या खोलीत काढून आज न्हाले. नीलाने पहिल्या दिवशी लांबूनच विचारलं, वहिनी, कावळा शिवला का? मी म्हटलं, हो, चांगला डोमकावळा होता. सासूबाईंनी घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या दिला. भाकरी वरून टाकतात, बोटसुद्धा लागू देत नाहीत. खिडकीला लाकडी गज आहेत, त्यातून सबंध अंगण दिसतं.

पुढचं लिहायला लाज वाटते. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. दिवसा लागली, रात्री लागली. अंगातला ताप उतरावा तसं हलकं वाटत होतं. मी, जिने मनात नाक मुरडलं होतं. आज न्हाऊन घरात पाऊल टाकलं आणि मला चक्क रडू आलं. हे गमतीने म्हणाले, सुटलीस. मी मान हलवली.

४ फेब्रुवारी

एक विचित्र प्रकार झाला. शांतपणे लिहून काढते.

दुपारची जेवणं झाली होती. मी माजघरात तांदूळ निवडत होते. सासूबाई स्वयंपाकघरात लवंडल्या होत्या, नीला शाळेत. अण्णा आपल्या खोलीत आडवे व्हायला गेले आणि त्यांनी दार लावून कडी घातली. कडीचा आवाज झाला. मांडीवर सूप होतं, सुपात तांदूळ होते.

त्यानंतर मी बाहेरच्या खोलीत होते. घोंगडीवर, भिंतीला पाठ लावून, गुडघे हनुवटीशी घेऊन. अंगणात ऊन उतरलं होतं. मी कधी उठले, सूप कुठे ठेवलं, काही नाही. केसांचा अंबाडा सुटला होता आणि त्याच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या.

सासूबाई दारात आल्या आणि लांबच थांबल्या. अय्यो, परत? म्हणाल्या, या खेपेला स्वल्प लवकरच झालं की. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? काही झालेलं नाही, मी इथे कशी आले मला माहीत नाही, हे सांगायचं? मग तीन दिवस बसले. खोटं इतकं सहज तोंडातून आलं की माझं मलाच नवल वाटलं. झोप पुन्हा तशीच लागली.

१२ फेब्रुवारी

उजव्या हाताला मोठा फोड आलाय. तापलेला तवा मी पदर न घेता उचलला म्हणे. सासूबाई किंचाळल्या तेव्हा मी खाली पाहिलं. दुखलं नाही. तो हात कोणा दुसरीचाच असावा असा दिसत होता. अजूनही दुखत नाही, आणि दुखायला हवं.

आज नीला जवळ येऊन बसली आणि म्हणाली, वहिनी, तुम्ही दुपारीच जास्त चांगल्या खेळता. मी विचारलं, काय खेळते? सागरगोटे, म्हणाली. शाळा लवकर सुटते त्या दिवशी आपण बाहेरच्या खोलीपाशी खेळतो की. तुम्ही मला हरवलंत. मी हसण्यावारी नेलं, पण ती सांगत राहिली. मी तिला अक्का म्हणते. बारा वर्षांच्या पोरीला मी अक्का म्हणते. बोलते बोबडं, सौंदत्तीकडचं. तिने गमतीत नाव विचारलं तर म्हटलं, वसू. आणि मग मी तिला विचारलं, अक्का, तुमच्या घरात दुपारी दार कोण लावतं?

नीलाला हा सगळा खेळ वाटतो. मी तिला खेळच आहे असं सांगितलं.

संध्याकाळी सासूबाईंना आडून आडून विचारलं, त्या खोलीत कोणी गेलं-बिलं होतं का पूर्वी, एखादी लहान मुलगी? त्या हसल्या. म्हणाल्या, त्या खोलीत आधी कोळसे होते, नंतर शेण्या होत्या, एकदा वासरू होतं, तेसुद्धा चांगलं जगलं. मला तिथे कोणी मेलेलं असतं तर बरं वाटलं असतं. असं मी का लिहिलं?

१९ फेब्रुवारी

पुन्हा झालं. या महिन्यात तिसऱ्यांदा. आता सासूबाई काही विचारत नाहीत, नुसत्या बघतात.

हे मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी आहे म्हणाले, टॉनिक दिलं. परत येताना यांनी लालबागेत नेलं. बाकावर बसलो. यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी वर गेले. असं पहिल्यापासून होतं, ते लिहायचं टाळत होते. यांचा हात लागला की मी वर जाते, घरात असेन तर वाशांपाशी, आज झाडाच्या फांदीपाशी, आणि तिथून बघते. खाली एक बाई नीट बसलेली असते. ती बोलते, हसतेही. यांना कळत नाही. हे इतके भले आहेत की मला यांचंच वाईट वाटतं.

हे उद्या फिरतीवर चालले, चित्रदुर्गाकडे. पाडव्याच्या आत येतील.

जेवताना अण्णांनी तोड काढली. मुलगी नवीन घरात बुजली आहे, म्हणाले, माहेरचं माणूस दिसलं की कळी खुलेल. मी भीमाचार्यांना पत्र टाकलंय. येऊन राहा म्हटलंय चार दिवस, तुम्ही तिला बापाच्या ठिकाणी. सगळे माझ्याकडे बघत होते. आता ही खूश होईल म्हणून वाट बघत होते. मी म्हटलं, सरी, बरं. माझ्याच जिभेने म्हटलं. मग मी हात धुवायला उठले आणि मला पाण्याचा गारवा लागला नाही.

२२ फेब्रुवारी

एक गोष्ट ध्यानात आली आहे. लिहीत असले की मी जात नाही. काल दुपारी अण्णांच्या कडीचा आवाज झाला तेव्हा हातात पेन्सिल होती. भिंती जरा लांब गेल्या, पण मी राहिले. म्हणून आता लिहिते. राहूनच लिहायला हवं.

सौंदत्तीला दुपारची जेवणं झाली की काका मला स्तोत्र शिकवायला खोलीत बोलवायचे आणि कडी घालायचे. वर्षानुवर्षं शिकवलं. मला आज एकही स्तोत्र येत नाही. त्या खोलीतलं मी लिहिणार नाही. भिंतीला एक भेग होती, मी त्या भेगेत जाऊन बसायची आणि सगळं संपलं की परत यायची. एवढं लिहिलं तरी माझे दात वाजताहेत.

काकू महिन्याचे तीन दिवस मागच्या पडवीत बसायची. एकदा धावताना मी तिच्या अंगावर पडले. विटाळ झाला. आता न्हाऊ घालेपर्यंत या पोरीला कोणी शिवायचं नाही. दुपारी काका उंबऱ्यापर्यंत आले, काकूने लांबून सांगितलं, ती मला शिवलीय. काका सोवळं सावरून मागे फिरले. मी नऊ वर्षांची असेन. त्या दिवशी मला कळलं की काकांना जगात एका गोष्टीचं भय आहे.

मग मी मुद्दाम शिवायला लागले. काकूचे दिवस आले की जाऊन तिच्या घोंगडीवर बसायची, तिच्यापाशी सागरगोटे खेळायची. काकूने मला कधी हाकललं नाही. कधी काही विचारलंही नाही. मला न्हाऊ घालायला मात्र संध्याकाळपर्यंत उशीर करायची. तिला ठाऊक होतं. तिच्या हातात तेवढंच होतं, किंवा तिने तेवढंच केलं. मी पंधरा वर्षांची असताना ती गेली, आणि जायच्या आधी अन्न सोडून हट्ट धरला तिने, पोरीला धारवाडला शिकायला पाठवा म्हणून.

हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही आणि माहीत होतं असंही नाही. ते वसूकडे होतं. या घरात भूत-बित काही नाही. नऊ वर्षांची वसू आहे, तिचं लग्न झालं नाही, तिचं नाव कोणी बदललं नाही, आणि कडी वाजली की ती अजून पडवी शोधते.

२५ फेब्रुवारी

काकांचं कार्ड आलं. परवा निघतात. पाडव्यापर्यंत राहतील.

अण्णांनी सकाळी कॉफीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवलं. फार खूश आहेत. म्हणाले, नीलाचे उच्चार बिघडलेत, शाळेत कानडी आणि इंग्रजी, आचार्य आलेच आहेत तर दुपारी तिला दोन स्तोत्रं सांगतील. नीलाने विचारलं, मला येतील का? अण्णा म्हणाले, ते लहान मुलांना फार मायेने शिकवतात, आपल्या वहिनीला विचार.

नीलाने माझ्याकडे पाहिलं—

यापुढचं नीलाकडून कळलं. मी तिला दंडाला धरून अंगणातून ओढत बाहेरच्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली. तिला कोपऱ्यात दाबून बसवलं. म्हटलं, अक्का, रोज सांग कावळा शिवला. रोज सांग. ते मग येत नाहीत. ती रडायला लागली तर तोंडावर हात ठेवला. अण्णांवर दार मोडायची पाळी आली.

तिच्या दंडावर माझी बोटं उठली आहेत. तिला तीनदा न्हाऊ घातलं. ती माझ्याकडे बघत नाही. अण्णा म्हणतात, हिच्या अंगात येतं.

२६ फेब्रुवारी

सासूबाईंना सांगितलं.

मी सांगितलं, वसूने नाही. माझ्या तोंडाने, माझ्या आवाजात. त्या डाळ निवडत होत्या. हात थांबला. मग उठून मधलं दार लावून आल्या, अण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून.

खोटं बोलतेस असं त्या म्हणाल्या नाहीत. तसं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. त्या म्हणाल्या, हे पुन्हा कोणाजवळ काढू नको, माझ्या मुलाजवळ तर नकोच नको. वसुमतीचं काय झालं ते वसुमतीबरोबर गेलं. तू राजलक्ष्मी आहेस. नको म्हणून आता कार्ड टाकलं तर त्यांना काय कारण सांगायचं? आलेल्या ब्राह्मणाला दारातून कसं परत पाठवायचं?

मी म्हटलं, निदान नीलाला त्यांच्याजवळ एकटी सोडू नका.

म्हणाल्या, मी आहे की घरात.

काकूही घरातच होती.

२७ फेब्रुवारी

यांना तार करा म्हटलं. अण्णा म्हणाले, फिरतीवरच्या माणसाला कशाला घाबरवायचं, काका येताहेतच.

दुपारी बाहेरच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. सुतार बोलावला होता. नीलाच्या काळजीने, आणि माझ्याही. मी रस्त्यावर गेले तर? अण्णा दाराशी येऊन हे सगळं समजावून सांगत होते, मास्तर वर्गाला सांगतात तसं. आवाज मऊ होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाईट नाहीत. या घरात कोणीच वाईट नाही, याचं मी काय करू?

जेवण खिडकीतून येतं.

इथली झोप गेली. कडी आतून होती तोवर झोप होती.

२८ फेब्रुवारी

आले.

जटक्याची घंटा, मग ओट्यावर तो आवाज. म्हातारा झालाय आवाज. पण तोच. पाय धुवायला पाणी नीलाने दिलं. आयुष्मती हो, म्हणाले. किती मोठी झालीस, म्हणाले. ते तर तिला पहिल्यांदाच बघताहेत. लग्नात तिला गोवर होता, ती आलीच नव्हती.

सासूबाई खिडकीशी आल्या. डोळे सुजलेले. भाकरी वरून टाकली आणि तशाच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, अम्मा, कडी काढा. त्या म्हणाल्या, पाडव्यापर्यंत कळ काढ. म्हटलं, नीला? त्या गेल्या.

काका अंगणात आले होते. पारिजातकाखाली उभं राहून इकडे पाहिलं. पुढे आले नाहीत. सोवळ्यात होते. अण्णांना म्हणाले, लहानपणापासून पोर अशीच, कल्पना फार.

वसू येत नाही. मी तिला बोलावते आहे, मला जायचं आहे, भेगेत, वर, कुठेही. ती येत नाही. माझ्या पाठीमागे आहे. पदर धरून. म्हणते, तू मोठी आहेस—

१ मार्च

दुपार. जेवणं झाली. भांडी झाली. सासूबाईंच्या खोलीचं दार—लागलं. त्या झोपल्या नसतील. झोपल्या नाहीत हे मला माहीत आहे. काकूही झोपायची नाही.

अण्णांची कडी.

आता काका नीलाला हाक मारताहेत. पोथी घेऊन ये, बाळ.

ती अंगणात आहे. रांगोळीचं पीठ वाळत घालतेय. जाईल. ती शहाणी मुलगी आहे, बोलावलं की जाते.

मी हाक मारली. आवाज फुटत नाही, बारीक निघतो, वसूचा. अक्का, इकडे ये. सागरगोटे. ती थांबली. भीत भीत आली, हातभर लांब. मी गजांतून—

धरला. मनगट धरलं. डाव्या हाताने. शिवले. आता ती विटाळली. आता तिला कोणी—

ती रडतेय. वहिनी, दुखतंय. दुखू दे बाई. न्हाऊ घालेपर्यंत. संध्याकाळपर्यंत. मी सोडणार नाही.

उजव्या हाताने लिहिते, खिडकीच्या फळीवर. फोडाचं कातडं सुटलंय. दुखतंय. आता दुखतंय, म्हणजे मी इथे आहे. लिहिणं थांबलं तर मी जाईन. मी गेले तर हात सुटेल. काहीही लिहायचं. पारिजातक. हंडा. फरशी. नीला. राजलक्ष्मी. वसुमती. दोघींनी धरलंय तिला.

काका मागच्या दाराशी आले. पाहिलं. मी सांगितलं, ती मला शिवलीय. मोठ्याने सांगितलं. माझ्या आवाजात. सगळ्या घराला ऐकू गेलं असेल.

सासूबाईंचं दार उघडत नाही.

ते उंबऱ्यावर थांबले आहेत. सोवळं सावरताहेत. आता फिरतील. नेहमी फिरतात. आता मागे—

फिरले नाहीत. हसले. म्हणताहेत, या वयात कसलं सोवळं, बाळ, परत न्हाईन—

पायरी उतरले.

सासूबाई अम्मा दार

नीला, सोडू नको, तू धर, तूही धर मला, मी लिहिते आहे, मी आहे, मी इथेच—त्यांचा हात—गजांपर्यंत—माझ्या बोटांवर, एकेक बोट ते